म्हैस विकण्याआधी हे कागद करा

२०१९ च्या जूनमध्ये आमच्या गोठ्यातली दुभती म्हैस विकली. माझी पीयूसी, म्हणजे अकरावी-बारावी, झाली होती, बेळगावात बी.कॉम.ला नाव घातलं होतं. फी, खोलीचं भाडं, मेस, पुस्तकं असा हिशेब बाबांनी कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर मांडला आणि घरात विकण्यासारखं काय आहे ते बघितलं. खानापूर तालुक्यात जांबोटीच्या बाजूला आमचं गाव. शेत दीड एकर, भाताचं एकच पीक, बाकीचं वर्ष ढकलायचं ते दुधावर आणि बाबा गवंड्याच्या हाताखाली जायचे त्या मजुरीवर. व्यापारी दावं सोडायला आला तेव्हा आई मागच्या दारी भांडी घासत बसली, बाहेर आलीच नाही. संध्याकाळी सवयीनं तिनं आंबोण भिजवलं. मग लक्षात आल्यावर ती बादली शेजारच्या गोठ्यात नेऊन ठेवली.

बाबा म्हणाले, "म्हैस परत घेता येतंय, वरीस परत येत नाही."

हे आज लिहितेय कारण त्या वर्षी मला शिष्यवृत्ती मिळायला हवी होती. हॉस्टेल न मिळालेल्या मागासवर्गीय मुलांसाठी कर्नाटकात विद्यासिरी योजना आहे. मी शिकत होते तेव्हा त्यात महिन्याला १,५०० रुपये, असे दहा महिने, म्हणजे वर्षाला १५,००० मिळायचे. बाबांची मजुरी आणि हे पैसे यावर वर्ष निघालं असतं. पण पहिल्या वर्षी माझा अर्ज पुढे सरकलाच नाही. दुसऱ्या वर्षी सरकला, तिसऱ्या वर्षीही, पुढे राणी चन्नम्मा विद्यापीठात एम.कॉम. केलं तेव्हाही. पण म्हैस गेली ती गेलीच, आणि तिच्याबरोबर रोजचं आठ लिटर दूधही. गरीब घर शिक्षणासाठी जे विकतं ते बहुतेक वेळा कमावतं जनावर असतं किंवा जमिनीचा तुकडा असतो. शिष्यवृत्ती वेळेवर हातात आली तर ते वाचतं, आणि त्यावर पुढचं भावंड शिकतं. म्हणून दहावी-पीयूसीला मुलं असलेल्या आपल्या भागातल्या आईवडिलांसाठी, मला जे उशिरा कळलं ते सगळं इथं सांगते.

सगळ्यात आधी नाव. माझा अर्ज अडला तो एका अक्षरावर. माझं नाव 'ज्ञ' नं सुरू होतं. आधार काढताना केंद्रावरचा मुलगा मराठी होता, त्यानं इंग्रजीत डी-एन-वाय असं लिहिलं. शाळेच्या दप्तरात ते कन्नडमधून इंग्रजीत गेलं, तिथं जे-एन झालं. उच्चार आपल्या तोंडी एकच, पण संगणकाला या दोन वेगळ्या मुली वाटतात. सीमाभागातल्या मराठी घरांत हे सर्रास होतं. कुठं वडिलांचं नाव मधे, कुठं नुसतं आद्याक्षर, कुठं आडनावच गायब. मुलगी आठवी-नववीत असतानाच आधार, शाळेचा दाखला आणि रेशनकार्ड अशी तिन्ही शेजारीशेजारी ठेवा आणि इंग्रजी स्पेलिंग अक्षर न् अक्षर जुळवून बघा. दहावीचं मार्क्सकार्ड अजून यायचं असेल तर शाळेच्या दप्तरातच दुरुस्ती करून घ्या. मार्क्सकार्ड आलेलं असेल तर बोर्डाकडे हेलपाटे घालण्यापेक्षा त्या मार्क्सकार्डाप्रमाणे आधार बदलून घेणं सोपं. आधारावरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, तेव्हा खिडकीवरच्या माणसानं टाइप केलेलं आधी स्वतः वाचा आणि मगच हो म्हणा. घाई केली तर एक संधी वाया जाते. मी ती घालवली आहे. पहिल्या खेपेला त्यांनी आडनावाचं स्पेलिंग बिघडवलं आणि मी बसची वेळ झाली म्हणून न बघता सही केली.

मग नाडकचेरी, म्हणजे दाखले देणारं सरकारी ऑफिस. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला आपल्याकडे बहुतेक वेळा एकत्रच मिळतो. कन्नडमध्ये त्याला 'जाती मत्तु आदाय प्रमाण पत्र' म्हणतात. आदाय म्हणजे उत्पन्न. त्यावर आरडी या अक्षरांनी सुरू होणारा एक लांबलचक क्रमांक असतो. एसएसपी, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर, तुमची जात आणि उत्पन्न या क्रमांकावरूनच तपासलं जातं. तो वहीत लिहून ठेवा, दाखल्याचा फोटोही मोबाईलमध्ये असू द्या. दाखला आईबापांच्या नावावर काढून उपयोग नाही, तो विद्यार्थ्याच्या नावावर लागतो आणि त्यावरचं नाव आधाराशी जुळावं लागतं. आपल्या घरांत बहुतेकांची नोंद मराठा म्हणून आहे, ती कर्नाटकात मागासवर्गाच्या थ्री-बी गटात येते. कुणबी नोंद असेल तर गट वेगळा असू शकतो, तो विचारून घ्या. कुठली नोंद आहे ते वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावरून आधी बघून घ्या, कारण भावाच्या दाखल्यावर एक आणि बहिणीच्या दाखल्यावर दुसरी असं झालं की तलाठी दोघांचाही अर्ज मागे ठेवतात. उत्पन्नाच्या दाखल्याला मुदत असते, ती संपली की नव्यानं काढावा लागतो. उत्पन्नाचा आकडा चुकून जास्त पडला असेल तर तिथल्या तिथं सांगा. आमच्या गल्लीतल्या एका घरात भावाची गोव्यातली कमाई बापाच्या उत्पन्नात धरली आणि मुलगी मर्यादेबाहेर गेली. भाऊ वेगळा राहतो, त्याचं रेशनकार्ड वेगळं आहे, हे सांगायला त्या दिवशी कोणी बरोबर गेलं नव्हतं.

नाडकचेरीत जायचं तर एप्रिल-मेमध्ये जा. जूनमध्ये सगळा तालुका तिथं उभा असतो, आणि तेव्हाच आपली पेरणीची घाई असते.

बँकेचं सांगते. शिष्यवृत्तीचे पैसे आता आधारावर येतात. अर्जात तुम्ही कुठला खाते क्रमांक लिहिलात याला फारसा अर्थ नाही, आधार शेवटी ज्या खात्याला जोडलंय तिथंच पैसे जातात. एका वेळी एकच खातं जोडलेलं असतं. गावातल्या एका मुलाचे पैसे 'जमा' दाखवत होते आणि पासबुकात एक रुपया नव्हता. शोधल्यावर कळलं की मोबाईलचं सिम घेताना अंगठा दिला तेव्हा त्याच्या नकळत एक खातं उघडलं गेलं होतं आणि आधार तिकडं जोडलं गेलं होतं. दोन महिने तो पोर बँकेच्या दारात. तेव्हा आधाराच्या सरकारी वेबसाइटवर लॉगिन करून बँक सीडिंग स्टेटस बघा. कुठली बँक आणि चालू की बंद, दोन्ही दिसतं. नको ती बँक दिसली तर आपल्या शाखेत जाऊन आधार जोडण्याचा फॉर्म द्या आणि आठवड्यानं परत तपासा. बँक लांब असेल तर पोस्टाच्या पेमेंट्स बँकेचं खातं पोस्टमनकाकांकडून गावातच उघडता येतं. खातं विद्यार्थ्याचं स्वतःचं असू द्या. माझ्या नावावर पहिल्यांदा पैसे आले तेव्हा आजी शेजारणींना सांगत होती, "नातीला वेतन सुरू झालंय." कन्नडमध्ये शिष्यवृत्तीला विद्यार्थिवेतन म्हणतात, तिनं तो शब्द माझ्याकडून ऐकला होता. मुलगी शिकते म्हणजे घराच्या जिवावर खाते, असं म्हणणारी आमच्याकडे माणसं होती. त्या वेतनानंतर त्यांचं बोलणं बदललं. माझ्या लग्नाचं बोलणंही दोन वर्षं पुढे गेलं ते त्यामुळंच.

फॉर्म कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत असतो. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना इथं धास्ती वाटते, पण ओळखीचे चार शब्द पुरतात. हेसरु म्हणजे नाव, तंदे म्हणजे वडील, तायी म्हणजे आई. (तायीच्या रकान्यात थोरल्या बहिणीचं नाव लिहिलेले दोन अर्ज मी स्वतः दुरुस्त करून दिलेत.) विळास म्हणजे पत्ता. वार्षिक आदाय म्हणजे वर्षाचं उत्पन्न. सायबर कॅफेवाल्याकडून भरून घेतलात तरी शेजारी बसून वाचा, पासवर्ड स्वतःच्या वहीत लिहा आणि मोबाईल नंबर स्वतःच्या घरचाच द्या. कॅफेवाल्यानं त्याचा नंबर घातला की पुढच्या वर्षी ओटीपी त्याच्याकडे जातो आणि तुम्ही त्याच्या दारात. कागद तपासून घेण्यासाठी कॉलेजात ई-अटेस्टेशनचं काम बघणारे अधिकारी असतात, ते कोण आहेत हे पहिल्याच आठवड्यात विचारून ठेवा. आणि एकदा मिळाली म्हणजे दर वर्षी आपोआप येते असं नाही, दर वर्षी अर्ज करावा लागतो.

आता कुठल्या शिष्यवृत्त्या, ते थोडक्यात. पीयूसीला चांगले मार्क पडले तर केंद्राची एक योजना नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर आहे. बोर्डात आपल्या शाखेत वरच्या वीस टक्क्यांत असाल आणि घरचं उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल तर पदवीच्या तीन वर्षांत वर्षाला १२,००० आणि पुढं पदव्युत्तरला २०,००० मिळतात. पन्नास टक्के मार्क आणि पंचाहत्तर टक्के हजेरी राखावी लागते, आणि ती घेतली तर दुसरी घेता येत नाही. म्हणून दोन्हींचा हिशेब करून मगच ठरवा. दहावी आणि बारावी दोन्ही सरकारी शाळेत झालेल्या मुलींसाठी अझीम प्रेमजी फाउंडेशनची वर्षाला ३०,००० ची शिष्यवृत्ती आहे, पदवी किंवा डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला असतानाच अर्ज करायचा. मात्र आपली बरीच मराठी हायस्कुलं खासगी अनुदानित आहेत, सरकारी नाहीत. शाळेचा प्रकार आधी विचारून घ्या म्हणजे आशेवर बसायला नको. आणि घरात कोणी आठवीत असेल तर एनएमएमएस या केंद्राच्या शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसवाच. पास झाला तर नववीपासून पीयूसीपर्यंत वर्षाला १२,०००, आणि कॉलेजला जाईपर्यंत घराला कागदपत्रांची सवय होऊन जाते.

कोल्हापूरकडे जाऊ बघणाऱ्यांसाठी एक गोष्ट. महाराष्ट्रात इंजिनिअरिंगसारख्या प्रवेशांना वादग्रस्त सीमाभागातल्या मराठी मातृभाषेच्या मुलांसाठी वेगळा उमेदवारी प्रकार आहे. गाव त्या ८६५ गावांतलं असल्याचा आणि मातृभाषा मराठी असल्याचा दाखला लागतो. पण प्रवेश मिळाला म्हणजे तिकडची शिष्यवृत्ती मिळाली असं समजू नका. महाडीबीटी या महाराष्ट्राच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर प्रत्येक योजनेच्या अटी वेगळ्या, महाराष्ट्राचं अधिवास प्रमाणपत्र लागतं का आणि सीमाभागातलं गाव चालतं का ते आधी बघा. हे कळेपर्यंत फीची मुदत संपलेली मुलं मी बघितलीत. सीमेवरच्या माणसाला दोन्हीकडचं विचारून घ्यावं लागतं, त्याला इलाज नाही.

विडी कामगारांच्या मुलांविषयी मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण निपाणी भागात हजारो आया विड्या वळतात आणि यातल्या कितीतरी जणींना आपल्या मुलांसाठी काही आहे हे ठाऊकच नसतं. बेळगावात माझ्या खोलीत राहणारी मैत्रीण निपाणीकडची. तिची आई रात्री अकरापर्यंत सूप मांडीवर घेऊन बसायची, पान कापायची, तंबाखू भरायची, दोरा गुंडाळायची, बोलता बोलता हात चालूच. केंद्रीय कामगार मंत्रालयाची विडी कामगारांच्या पाल्यांसाठी शिष्यवृत्ती आहे. पीयूसीला ३,०००, साध्या पदवीला ६,००० आणि इंजिनिअरिंग-मेडिकलसारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमाला वर्षाला २५,०००. हाही अर्ज नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवरच असतो. घरचं महिन्याचं उत्पन्न दहा हजारांच्या आत असावं लागतं आणि आई किंवा वडील किमान सहा महिने त्या कामात असावे लागतात. अडतं ते विडी कामगाराच्या ओळखपत्रापाशी. मैत्रिणीच्या आईनं बावीस वर्षं विड्या वळल्या, पण ठेकेदाराच्या वहीत नाव जावेचं होतं. दोघी मिळून एकाच नावावर माल द्यायच्या. त्यामुळं कार्ड नाही, आणि कार्ड नाही म्हणून शिष्यवृत्ती नाही. शेवटी गावातल्या विडी कामगार संघटनेच्या बाईंनी मध्ये पडून नाव वेगळं करून घेतलं. मैत्रिणीला मिळाली नाही, तिच्या धाकट्या भावाला मिळाली. तुमची आई, आत्या, मावशी विड्या वळत असेल तर आज रात्री विचारा, वहीत नाव कुणाचं आहे.

पैसे उशिरा येतात, हे डोक्यात ठेवूनच सगळं करा. फी जून-जुलैत भरायची असते, शिष्यवृत्ती बहुतेकदा फेब्रुवारी-मार्चमध्ये येते, कधी पुढच्या वर्षात जाते. याच आठ महिन्यांच्या खिंडीत म्हशी विकल्या जातात. म्हणून तीन कामं एकाच आठवड्यात करा. अर्ज भरल्याची पावती घेऊन प्राचार्यांना साधं पत्र द्या, शिष्यवृत्तीचा अर्ज केला आहे, फी तीन हप्त्यांत भरण्याची परवानगी मिळावी. तोंडी विनवण्या करू नका, पत्राची प्रत स्वतःकडे ठेवून तिच्यावर पोच घ्या. आमच्या कॉलेजात तोंडी विचारलं की नाही म्हणायचे, पत्र दिलं की हप्ते करून द्यायचे. मग हॉस्टेलचा अर्ज, मिळणार नाही असं कोणी म्हणालं तरीही करा. मिळालं तर खोलीचं भाडं वाचतंच, नाही मिळालं तर तुम्ही विद्यासिरीसाठी धरले जाता. आणि तरीही कमी पडलंच तर जनावर विकण्याऐवजी बचत गटातून किंवा सोसायटीतून तेवढ्याच रकमेचं थोड्या मुदतीचं कर्ज काढा, कारण परतफेडीला काय येणार आहे ते आता तुम्हाला माहीत आहे. आमच्या पहिल्या वर्षी हेच माहीत नव्हतं. पैसे येणार की नाही याचा भरवसा नसला की माणूस हातात असेल ते विकून मोकळा होतो.

आमच्या घरात खरा बदल कुठून आला ते सांगते. २०२१ मध्ये राज्य सरकारनं शेतकऱ्यांच्या मुलांसाठी रैत विद्यानिधी जाहीर केली. पदवीच्या मुलींना त्यात ५,५०० होते. त्यासाठी वडिलांचा एफआयडी लागायचा, म्हणजे शेतकऱ्याचा ओळख क्रमांक, आणि तो उताऱ्यावरच्या नावावरून मिळतो. आमच्या उताऱ्यावर अजून आजोबांचं नाव. आजोबा मी जन्मायच्या आधी वारले. ते ५,५०० मला मिळाले नाहीत, पण त्या निमित्तानं बाबा पहिल्यांदा उतारा हातात घेऊन बसले. दोन काका, एक आत्या, सगळ्यांना दिवाळीत बोलावलं. वंशवृक्ष काढला, आजोबांच्या मृत्यूची नोंदच नव्हती ती करून घेतली, वारसा लागला. सगळं मिळून आठ महिने गेले. पण नाव लागल्यावर बाबांना पीकेपीएसचं, म्हणजे शेतकऱ्यांच्या सहकारी सोसायटीचं, पीककर्ज मिळालं, पहिल्यांदाच. कर्नाटकात ते वेळेत फेडलं तर बिनव्याजी असतं. तोवर खत-बियाण्यासाठी गावातल्याच एकाकडून शेकडा तीननं महिन्याचं व्याज भरत होतो. माझ्या शिष्यवृत्तीच्या कागदांमागं धावताना आमच्या घरानं जमिनीचे कागद सरळ केले, याचा हिशेब केला तर तो १५,००० पेक्षा मोठा होतो. तुमच्याही उताऱ्यावर गेलेल्या माणसाचं नाव असेल तर मुलगी नववीत असतानाच वारसाला लागा. उशीर होईल तितके वारस वाढतात.

एम.कॉम. मी राणी चन्नम्मा विद्यापीठाच्या भूतरामनहट्टीच्या कॅम्पसमधून केलं. हे विद्यापीठ २०१० मध्ये झालं, त्याआधी आमच्या भागातली कॉलेजं धारवाडच्या विद्यापीठाखाली होती. माझ्या मामेबहिणीला बी.कॉम.नंतर धारवाडला पाठवायला घरचे तयार झाले नाहीत, तिचं तिथंच थांबलं. मी शेवटच्या वर्षात जाईपर्यंत, ११ जून २०२३ पासून, बायकांना बस फुकट झाली आणि दर शनिवारी घरी येता आलं. आता बेळगावातल्या एका ऑफिसात हिशेब बघते. धाकटी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिचे दाखले नववीतच काढले होते, नाव जुळवलं होतं, खातं जोडलं होतं. तिचा अर्ज पहिल्या फेरीत मंजूर झाला. तिच्या फीचे तीन हप्ते झाले आणि त्यासाठी गोठ्यातलं काही हललं नाही. गोठ्यात आता एक म्हैस आणि तिची रेडी आहे, पीककर्जामुळं वाचलेल्या व्याजातून आणि माझ्या पगारातून घेतलेली.

घरात एक निळी फाईल आहे, खिळ्याला टांगलेली. तिच्यात प्रत्येकाच्या आधाराची प्रत, दाखले, उतारा, पासबुकाचं पहिलं पान आणि सगळे क्रमांक लिहिलेली एक वही. तुम्हीही एक करा. गेल्या महिन्यात गावी गेले तर शेजारचे काका मुलीला घेऊन ओट्यावर बसले होते आणि बाबा ती फाईल मांडीवर उघडून त्यांना दाखवत होते. बाबा चौथीपर्यंत शिकलेत. "हे बघ, इथं आरडी लिहिलंय," ते म्हणत होते, "पोरीच्या नावावर काढूचं, तुझ्या न्हवं. आणि सोमवारी जाऊ नको, गर्दी असतंय. बुधवारी मी येतो बरोबर."